बिनतारी दूरसंचारातील स्पर्धा आणि बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनचे बिल, रेंज आणि डेटाचा वेग यांविषयी लोक रोज बोलतात. पण या तिन्ही गोष्टी ज्या स्पर्धेवर अवलंबून असतात, तिच्याविषयी क्वचितच बोलणे होते. पुढील उत्तरे लिहिताना मी माझे एक मत लपवलेले नाही. या धंद्यात स्पर्धा आपणहून रुजत नाही. कोणीतरी नियम बदलला, जोडणी सक्तीची केली किंवा लहरींचा एखादा पट्टा मोकळा सोडला, तेव्हाच नव्या माणसाला आत शिरायला जागा मिळाली आहे. आणि तिकडे दुर्लक्ष झाले, की धंदा पुन्हा दोन-तीन हातांत गेला आहे.

दूरसंचार हा मुळातच मक्तेदारीचा धंदा आहे का?

तसे वाटण्याला कारण आहे. टेलिफोनचे मोल त्या यंत्रापेक्षा त्याच्या पलीकडे किती माणसे आहेत, यावर ठरते. ज्या कंपनीकडे जास्त ग्राहक, तिच्याकडेच नवा ग्राहक जातो आणि मोठी कंपनी आणखी मोठी होते.

तरीही सुरुवातीचा इतिहास वेगळे सांगतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये मिळालेल्या पेटंटची मुदत १८९० च्या दशकात संपली आणि अमेरिकेत हजारो लहान टेलिफोन कंपन्या उभ्या राहिल्या. बेलच्या कंपनीने ज्या खेड्यांकडे पाहिलेही नव्हते, तिथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन तारा ओढल्या. काही ठिकाणी तर शेताच्या कुंपणाची काटेरी तारच टेलिफोनची तार म्हणून वापरली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशातील जवळपास निम्मे फोन या स्वतंत्र कंपन्यांचे होते.

बेलचे उत्तर साधे होते : आमच्या जाळ्याला तुमचे जाळे जोडणार नाही. त्यामुळे अनेक शहरांत व्यापाऱ्याला टेबलावर दोन फोन ठेवावे लागत, एक या कंपनीच्या गिऱ्हाइकांसाठी आणि दुसरा त्या कंपनीच्या. मक्तेदारीविरोधी कारवाईचे सावट आले तेव्हा १९१३ मध्ये एटी अँड टी या बेलच्या मूळ कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडून घेण्याचे मान्य केले. मात्र एकाच गावातील दोन कंपन्यांनी एकमेकींशी लढण्याचे दिवस त्यानंतर हळूहळू संपले, आणि ‘एका गावाला एक टेलिफोन कंपनी’ हीच रीत पुढे कित्येक दशके नैसर्गिक मानली गेली. ती नैसर्गिक नव्हती. जोडणी कोणाला, कधी आणि कोणत्या अटींवर द्यायची, या निर्णयांतून ती घडली होती.

मग ही मक्तेदारी मोडली कशी?

सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंपासून झाली. आपल्या तारेला किंवा फोनला बाहेरची कोणतीही वस्तू जोडू नये, असा एटी अँड टीचा नियम होता. ‘हश-ए-फोन’ नावाची एक वाटीसारखी वस्तू रिसीव्हरच्या तोंडाशी बसवली, की बोलणे शेजारच्याला ऐकू जात नसे. तिच्यात वीज नव्हती, तार नव्हती, तरी कंपनीने तिच्यावर बंदी घातली. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५६ मध्ये कंपनीच्या विरोधात निकाल लागला.

त्याहून मोठा निकाल ‘कार्टरफोन’चा. टेक्सासमधील टॉमस कार्टर यांनी तेलविहिरींवर काम करणाऱ्यांसाठी एक पेटी बनवली होती. दूरच्या माणसाने रेडिओवरून कार्यालयाला हाक दिली, की तिथला माणूस नेहमीच्या फोनवरून हवा तो नंबर लावी आणि रिसीव्हर उचलून त्या पेटीवरच्या दोन खाचांत आडवा ठेवी. रिसीव्हरमधून येणारा आवाज पेटी ऐके आणि रेडिओवर पाठवी. रेडिओवरचा आवाज ती रिसीव्हरच्या तोंडात बोले. दोन यंत्रांमध्ये तारेचा एक धागाही नव्हता. तरीही कंपनीने आपल्या ग्राहकांना ही पेटी वापरण्यास मनाई केली. जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला हवे ते उपकरण जोडता आले पाहिजे, असा निर्णय १९६८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने दिला. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली उत्तरयंत्रे, फॅक्स आणि मोडेम (संगणक किंवा फोन जाळ्याला जोडणारा भाग) घराघरांतल्या तारांना जोडले गेले, ते या निर्णयाच्या आधारावर. घरच्या टेलिफोनवरून इंटरनेट वापरलेल्या प्रत्येकाने त्या पेटीचे ऋण मानावे, असे मला मनापासून वाटते.

१९७४ मध्ये अमेरिकी सरकारने एटी अँड टीवर खटला भरला आणि १ जानेवारी १९८४ पासून तिच्या स्थानिक सेवेच्या सात प्रादेशिक कंपन्या झाल्या. पुढचा भागही सांगायला हवा. या सातांपैकी एक असलेल्या एसबीसीने आपल्या भावंडांना विकत घ्यायला सुरुवात केली, २००५ मध्ये खुद्द एटी अँड टी घेतली आणि तिचेच नाव धारण केले.

मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या प्रत्येक देशात इतक्या थोड्या का असतात?

कारण मोबाइलचा कच्चा माल मर्यादित आहे. रेडिओलहरींच्या एकाच वारंवारतेवर एकाच जागी दोघे बोलू लागले, तर एकमेकांचा आवाज बिघडवतात. यावरचा उपाय एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडला गेला होता : प्रदेशाचे लहान लहान ‘सेल’ करायचे, प्रत्येकाला कमी ताकदीचा मनोरा द्यायचा आणि तीच वारंवारता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या सेलमध्ये पुन्हा वापरायची. या कल्पनेवरची पहिली व्यापारी सेवा सुरू व्हायला मात्र १९७९ साल उजाडले, तेही टोकियोत.

धावत्या रेल्वेत बोलणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचा फोन गप्पांच्या आड सतत आजूबाजूच्या टॉवरांची ताकद मोजतो आणि ती मोजमापे जाळ्याला कळवत राहतो. मागचा टॉवर क्षीण होऊन पुढचा बळकट झाला, की जाळे पुढच्या सेलमध्ये त्याच्यासाठी जागा राखते आणि फोनला ‘आता तिकडे जा’ असा आदेश देते. ही अदलाबदल इतक्या लवकर होते, की वाक्यातला शब्दही तुटत नाही. पुढच्या सेलमध्ये जागा नसेल तर मात्र कॉल कटतो. ही साखळी देशभर अखंड ठेवायची, तर पहिला ग्राहक मिळण्यापूर्वीच टॉवर, वीज, फायबर आणि परवाना यांवर प्रचंड खर्च करावा लागतो. म्हणून सुरुवातीला अमेरिकेने प्रत्येक शहराला दोन परवाने दिले आणि ब्रिटनमध्येही १९८५ मध्ये दोनच कंपन्यांनी सेवा सुरू केली. आज बहुतेक देशांत तीन किंवा चार असतात.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सगळ्या लहरी सारख्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, ३.५ गिगाहर्ट्झची लहर जास्त डेटा वाहते, पण तिचा पल्ला कमी असतो. जुन्या कंपनीकडे खालचा, म्हणजे कमी वारंवारतेचा पट्टा आणि नव्या कंपनीकडे फक्त वरचा, अशी वाटणी झाली, तर तेवढ्याच प्रदेशासाठी नव्या कंपनीला कितीतरी जास्त टॉवर उभारावे लागतात. कागदावर दोघी बरोबरीच्या दिसतात. प्रत्यक्षात शर्यतीची सुरुवातीची रेघच वेगवेगळी असते.

लहरींचा लिलाव करणे योग्य आहे का?

लिलावाआधीच्या पद्धती पाहिल्या, की उत्तर सोपे होते. कुठे अर्जांची गुणवत्ता समिती तपासायची, तर कुठे चक्क चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. लहरींना बाजारभाव असावा, ही सूचना अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये केली तेव्हा ती विक्षिप्त मानली गेली. अमेरिकेने पहिला लिलाव १९९४ मध्ये घेतला. त्यामागे ज्यांचा अभ्यास होता, त्यांपैकी पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण लिलाव म्हणजे आपोआप न्याय नव्हे. न्यूझीलंडने १९९० च्या सुमारास असा नियम केला होता, की सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी रक्कम भरायची. बोली लावणारेच थोडे होते. एका कंपनीने १ लाख डॉलर बोलले आणि प्रत्यक्षात ६ डॉलर भरले. दुसरे टोक २००० सालचे : ३जीच्या, म्हणजे मोबाइलच्या तिसऱ्या पिढीच्या, परवान्यांसाठी ब्रिटनमध्ये सुमारे २२.५ अब्ज पौंड आणि जर्मनीत सुमारे ५० अब्ज युरो मोजले गेले आणि कंपन्या कर्जात बुडाल्या.

त्या ब्रिटिश लिलावातली मला महत्त्वाची वाटणारी बाब आकड्यांच्या गडबडीत हरवते. पाचांपैकी एक परवाना फक्त नव्या कंपनीसाठी राखून ठेवलेला होता. त्यातूनच २००३ मध्ये ‘थ्री’ ही कंपनी बाजारात आली. लिलावातून तिजोरीत किती पडले, यापेक्षा त्यातून कोण आत आले, हे पाहिले पाहिजे.

सगळ्या कंपन्यांचे फोन एकाच पद्धतीने चालतात. मग स्पर्धा कशात असते?

एकाच पद्धतीने चालतात म्हणूनच स्पर्धा शक्य होते. १९८० च्या दशकात युरोपात जर्मनीची एक पद्धत, फ्रान्सची दुसरी, ब्रिटनची तिसरी आणि नॉर्डिक देशांची चौथी होती. सीमा ओलांडली की फोन निकामी. १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांच्या प्रतिनिधींनी जीएसएम ही एकच पद्धत स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला अधिकृत कॉल केला. सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची मुभा याच पद्धतीने जगभर नेली. ग्राहकाची ओळख फोनपासून वेगळी झाली आणि फोन विकणारा व सेवा देणारा यांची बाजारपेठ दोन ठिकाणी विभागली गेली.

मात्र जीएसएम सर्वश्रेष्ठ होती, असे म्हणता येणार नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने सीडीएमए ही पद्धत पुढे आणली. तिच्यात सगळे जण एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाला वेगळा संकेत असल्याने ओळखता येतात. अनेक तज्ज्ञांनी तेव्हा ते अशक्य ठरवले होते. ती १९९५ मध्ये हाँगकाँगमध्ये व्यापारी पातळीवर चालली, आणि ३जीच्या वेळी जीएसएमच्या घराण्यानेही सीडीएमएचेच तत्त्व उचलले. सगळ्यांनी एकाच मानकाला बांधून घेतले असते, तर हे कौशल्य सिद्ध करायला जागाच उरली नसती. म्हणून ‘एकच मानक हवे’ हे विधान मला अर्धेच पटते. आज ४जी आणि ५जीची मानके ३जीपीपी या एकाच जागतिक मंचावर ठरतात, त्यामुळे त्या मंचाची दारे किती उघडी आहेत, हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे.

मानक सर्वांचे असेल, तर पेटंटवरून भांडणे का होतात?

मानक वापरायला सर्वांना मोकळे असते, पण त्याच्या आतल्या युक्त्या कोणाच्या तरी मालकीच्या असतात. अशा पेटंटांचे मालक ती रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देण्याचे वचन देतात; ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर मात्र खटले चालतात. ॲपल आणि क्वालकॉम यांचा वाद २०१७ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच दिवशी इंटेलने ५जी फोनचे मोडेम बनवण्याचा नाद सोडल्याचे जाहीर केले. ॲपलने इंटेलचा तो विभाग विकत घेतला आणि तरीही स्वतःचे पहिले मोडेम फोनमध्ये घालायला तिला २०२५ उजाडले. एवढ्या पैसेवाल्या कंपनीला इतकी वर्षे लागत असतील, तर लहान कंपनीने काय करावे?

दर दहा वर्षांनी नवी ‘पिढी’ का येते?

लहरींचे नवे पट्टे मोकळे करणे, मानक लिहिणे, चिप बनवणे आणि जुन्या यंत्रसामग्रीचे पैसे वसूल होणे, या सगळ्याला साधारण तेवढा काळ लागतो. व्यापारी घाईही असते. एप्रिल २०१९ मध्ये ५जी आधी कोणी सुरू केले, यावरून दक्षिण कोरिया आणि अमेरिका यांच्यात अक्षरशः तासांची चुरस झाली. पण त्याच दक्षिण कोरियात २८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठरल्याइतके टॉवर उभारले गेले नाहीत, म्हणून सरकारने २०२२-२३ मध्ये तिन्ही कंपन्यांची ती वाटणी काढून घेतली. इतक्या वरच्या पट्ट्यातली लहर भिंतीने, झाडाने, माणसाच्या हातानेही अडते. घोषणेने हे बदलत नाही.

जुने जाळे बंद झाल्यावर जुन्या फोनचे काय होते?

ज्या लहरींवर जुने जाळे चालते त्या नव्याला हव्या असतात, म्हणून ते बंद करावेच लागते. पण ‘तुमचा फोन ४जी आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. अनेक ४जी फोन डेटा ४जीवर घेतात आणि बोलण्यासाठी गुपचूप ३जीवर उतरतात. ३जी गेले, की अशा फोनवर इंटरनेट चालते आणि कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ३जी बंद होताना हीच धास्ती होती, की एरवी धडधाकट दिसणारे काही फोन आणीबाणीचा नंबर लावू शकणार नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झाले, तेव्हा जुनी सुरक्षा-अलार्म यंत्रे आणि मोटारींतील संपर्कयंत्रेही अडचणीत आली. अशा बदलाची सूचना ज्येष्ठ नागरिकांपर्यंत एका संदेशाने पोचेल, असे गृहीत धरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

नोकियासारखी कंपनी मागे कशी पडली?

१९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकून नोकिया फोन बनवणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी झाली. २००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनपैकी सुमारे चार तिचे होते. त्याच वर्षी आयफोन आला, पुढच्या वर्षी ॲपलचे ॲप स्टोअर आणि अँड्रॉइडचा पहिला फोन. नोकियाचे फोन दणकट होते, त्यांची रेडिओची बाजू उत्तम होती. पण फोन म्हणजे खिशातला संगणक आणि त्यावर बाहेरच्या हजारो लोकांनी लिहिलेली ॲप्स, हा बदल तिच्या सॉफ्टवेअरला पेलला नाही. २०११ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचा आधार घेतला आणि २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला.

पण कंपनी संपली नाही. तिने टॉवरवरची यंत्रे बनवण्याचा व्यवसाय राखला, २०१६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंट घेतली आणि तिच्याबरोबर बेल लॅब्जही. सेलची कल्पना जिथे मांडली गेली, ती प्रयोगशाळा आज नोकियाकडे आहे.

या उलथापालथीत सेवा देणाऱ्या कंपन्यांनीही बरेच गमावले. पूर्वी फोनवर कोणते ॲप असावे, हे मोबाइल कंपनी ठरवत असे. आता ते दोन प्रणालींचे मालक ठरवतात. एक नाका उठला आणि दुसरा बसला.

मेसेजिंग ॲप्समुळे मोबाइल कंपन्यांचे नुकसान झाले, हे खरे का?

उत्पन्नाचे झाले. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी व्होडाफोनच्या जाळ्यावर संगणकावरून पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. कॉल जोडण्यासाठीच्या संकेतांना जी वेगळी वाट राखलेली असते, तिच्यातल्या रिकाम्या वेळेत हे १६० अक्षरांचे संदेश जात. म्हणजे कंपनीला त्याचा खर्च जवळजवळ नव्हता आणि दर मात्र प्रत्येक संदेशाला लागे. इतका नफा जिथे असतो, तिथे कोणीतरी दुसरी वाट शोधतोच. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आले आणि संदेश हा डेटाचा एक किरकोळ भाग झाला.

तरी एसएमएसची एक थोरवी होती : कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही कंपनीच्या फोनवर तो पोचे. सुरुवातीला अनेक देशांत तसे नव्हते, ती जोडणी नंतर झाली. मेसेजिंग ॲप्समध्ये आपण पुन्हा टेबलावर दोन फोन ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासारखे झालो आहोत. युरोपीय संघाच्या कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर, मागणी केल्यास इतर मेसेजिंग सेवांशी जोडून घेण्याचे बंधन आले आहे.

टॉवरवरची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या इतक्या थोड्या का उरल्या?

संशोधनाचा खर्च दर पिढीला वाढला आणि ग्राहक, म्हणजे मोबाइल कंपन्या, मोजकेच राहिले. कॅनडाची नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची पेटंटे २०११ मध्ये साडेचार अब्ज डॉलरना विकली गेली. आता मुख्यतः ह्वावे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग ही नावे उरतात. २०१९ मध्ये अमेरिकेने ह्वावे या चिनी कंपनीवर निर्बंध घातले आणि २०२० मध्ये ब्रिटनने २०२७ अखेरपर्यंत तिची यंत्रे ५जीमधून काढण्याचे ठरवले. सुरक्षेची चिंता आपल्या जागी आहे. पण त्यामुळे अनेक देशांत खरेदीदारासमोर दोनच पर्याय उरले, हेही मान्य करावे लागते.

यावर ‘ओपन रॅन’ हा उपाय सुचवला जातो. टॉवरवरचे रेडिओयंत्र आणि खालचा संगणक यांच्यामधली भाषा प्रत्येक कंपनीची खासगी असते, त्यामुळे एकदा एकाचे यंत्र घेतले की सगळेच त्याचे घ्यावे लागते. ही भाषा खुली केली तर वरचे यंत्र एकाचे आणि खालचे दुसऱ्याचे चालेल. २०२० मध्ये जपानमध्ये राकुतेन या कंपनीने साधारण याच विचारावर नवे जाळे उभारले. पण २०२३ अखेर एटी अँड टीने ओपन रॅनचे मोठे कंत्राट दिले, ते एरिक्सनला. कुलूप काढले म्हणून लगेच कोणी आत येतेच असे नाही.

चार कंपन्यांच्या तीन झाल्या तर ग्राहकाचे काय होते?

याचे एकच उत्तर नाही, पण उलट दिशेचा एक प्रयोग बोलका आहे. फ्रान्समध्ये तीन कंपन्या होत्या. जानेवारी २०१२ मध्ये ‘फ्री’ ही चौथी आली. तिने दोन युरोंची एक आणि वीस युरोंच्या आतली दुसरी, अशा दोनच योजना ठेवल्या, आणि बाकीच्या तिघींना दर उतरवावे लागले.

विलीनीकरण मागणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे असते, की मोठ्या झाल्यावर आम्ही जाळ्यात अधिक गुंतवणूक करू. ते पूर्ण खोटे नाही. अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्प्रिंट २०२० मध्ये एक झाल्या, तेव्हा चौथी जागा भरून काढण्यासाठी डिश या कंपनीला उभे करण्याची अट घातली गेली. २०२५ मध्ये डिशच्या मूळ कंपनीने आपल्या लहरींचा मोठा भाग एटी अँड टी आणि स्पेसएक्स यांना विकण्याचे करार केले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि थ्री एक झाल्या. जिच्यासाठी २००० मध्ये परवाना राखून ठेवला होता, तीच ही थ्री. गेलेली चौथी कंपनी कागदावरच्या अटींनी परत आणणे फार कठीण असते, असेच मी यातून समजतो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येण्याला इतके महत्त्व का?

कारण नंबर हा माणसाचा पत्ता असतो. तो सोडावा लागत असेल, तर ग्राहक वाईट सेवाही मुकाट्याने सोसतो. सिंगापूरने १९९७ मध्ये मोबाइलसाठी ही सोय सुरू केली आणि मग ती जगभर पसरली. आतली व्यवस्था सुरेख आहे. पूर्वी नंबरच्या पहिल्या अंकांवरून कंपनी ओळखू येई. आता नंबर लावल्यावर, रिंग वाजण्यापूर्वीच्या क्षणात, तुमच्या कंपनीला एका सामाईक नोंदवहीकडून कळू शकते, की हा नंबर सध्या कोणाकडे आहे, आणि कॉल तिकडे वळतो.

पण नियम कसा लिहिला आहे, यावर सगळे ठरते. जुन्या कंपनीला फोन करून परवानगीचा संकेत मागावा लागत असेल, तर ती अडवते, विनवते, ताटकळत ठेवते. माझा स्वतःचा अर्ज एका कंपनीने क्षुल्लक थकबाकी दाखवून दोनदा परत पाठवला होता. ती रक्कम मी आधीच भरलेली होती. ब्रिटनने जुलै २०१९ पासून हा संकेत एका एसएमएसवर मिळण्याची सोय केली आणि त्या विनवणीला फाटा मिळाला.

वायफाय ही मोबाइलची स्पर्धक आहे का?

अंशतः. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे, त्यांत मायक्रोवेव्ह ओव्हनच्या वापराचा २.४ गिगाहर्ट्झचाही, परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. कोणाला नको असलेल्या त्या पट्ट्यात १९९७ च्या मानकातून वायफाय उभे राहिले. एकही लिलाव नाही, एकही मालक नाही. लहरी वाटण्याचा हाही एक मार्ग आहे, याची आठवण प्रत्येक लिलावाच्या वेळी ठेवावी.

उपग्रहांमुळे टॉवर कालबाह्य होतील का?

नजीकच्या काळात नाही. इरिडियम या कंपनीने ६६ उपग्रहांची फोनसेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली; फोन अवजड होते, घरात चालत नसत आणि तोवर जीएसएम सर्वत्र पसरले होते. आजची परिस्थिती निराळी आहे. स्पेसएक्सच्या स्टारलिंक सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, २०१९ पासून ते मोठ्या संख्येने सोडले जात आहेत आणि आता साध्या फोनशीही काही प्रमाणात संपर्क साधू शकतात. तरीही एका उपग्रहाची नजर फार मोठ्या प्रदेशावर असते आणि त्याच्याकडच्या लहरी तेवढ्या सगळ्यांत वाटल्या जातात. गजबजलेल्या शहरात ते पुरणार नाही. समुद्रात, डोंगरात आणि पूर आल्यावर मात्र त्याला तोड नाही. काळजी वेगळी आहे : जगभरची ही सोय एक-दोन कंपन्यांच्याच हाती राहिली, तर आपण पुन्हा जुन्याच प्रश्नापाशी येऊ.

६जी कधी येईल?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये त्याची रूपरेषा मंजूर केली असून तिच्या नावातच २०३० हे साल आहे. मानक लिहिण्याचे काम ३जीपीपीमध्ये सुरू झाले आहे. वेगाचे आकडे आत्ताच छापले जातात, त्यांकडे मी फारसे लक्ष देत नाही. टॉवरवरच्या यंत्रांमधली भाषा या वेळी खुली लिहिली जाते का, उपग्रह आणि टॉवर यांच्यात ये-जा करण्याची सोय सर्व कंपन्यांना मिळते का, आणि ७ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे कोणाला व कोणत्या अटींवर दिले जातात, हे तीन निर्णय पुढच्या काही वर्षांत बैठकांमधून होतील. त्या बैठकांचे मसुदे बहुतेक वेळा सर्वांसाठी खुले असतात, आणि नियामक संस्था जनतेकडून हरकती मागवतात तेव्हा सामान्य ग्राहकाचे पत्रही दाखल करून घेतले जाते.